चकाकीच्या आधी युनियन
अक्षर चकचकीत दिसावं म्हणून त्याच्या प्रतीवर लंबगोल ठेवून इंटरसेक्शनने (दोन्ही आकारांचा सामाईक भाग तेवढा ठेवून) चकाकी कापायची, ही सुचवली जाणारी युक्ती बरोबरच आहे. इंग्रजी 'एस'ला ती बिनतक्रार चालते. मी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'श्री' करायला गेलो आणि फसलो. ऑब्जेक्ट टू पाथ करून मजकुराचे आकार बनवल्यावर अक्षर आणि वेलांटी हे वेगळे तुकडे निघाले, शिरोरेषेपाशी एकमेकांवर जरासे चढलेले. कडेला जाड रेघ दिली की नेमकी त्या जोडावर उभी चीर दिसायची. म्हणून आधी अनग्रुप (तुकड्यांचा गट सोडवणं), मग युनियन (तुकडे जोडून एकच आकार करणं), मगच इनसेट (आकार आतल्या बाजूला आकसणं) वगैरे.

आणि हो, चकाकीच्या ग्रेडियंटचं, म्हणजे हळूहळू बदलत जाणाऱ्या रंगाचं, दुसरं टोकही पांढरंच ठेवा, फक्त त्याची अल्फा (अपारदर्शकता) शून्य करा. तिथे पारदर्शक काळा राहिला तर मधल्या भागात राखाडी मळ दिसतो. मी आधी स्क्रीनच पुसत बसलो होतो!