येऊरच्या जळलेल्या उतारावरील धायटी मुळात कुठली?

रानवाट, ठाणे
सर्वांना नमस्कार. आमच्या वसाहतीमागचा येऊरच्या डोंगराचा उघडा उतार यंदा मार्चमध्ये वणव्यात जळाला. गवताची राख झाली, लहान रोपे करपली. मात्र धायटीच्या काळ्याठिक्कर बुडख्यांतून पावसाआधीच हिरवे कोंब वर आले. काही मंडळींचे म्हणणे असे की हे झुडूप घाणेरीप्रमाणे बाहेरून आलेले असून आगीमुळेच माजते, तेव्हा ते उपटून तेथे झाडे लावावीत. यात तथ्य किती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पानफूल, बेलापूर
धायटी परकी मुळीच नाही. घाणेरी उष्णकटिबंधीय अमेरिकेतून शोभेसाठी आणली गेली. धायटी मात्र ‘धातकी’ या नावाने आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत आहे आणि आसवे-अरिष्टे ही औषधे आंबवताना तिची फुले आजही घातली जातात. मेंदी, डाळिंब आणि आपले राज्यपुष्प ताम्हण यांच्याच कुळातील ही वनस्पती. तिच्या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) जाती दोनच: एक ईशान्य आफ्रिका व अरबस्तानाकडची, आणि दुसरी ही आपली, जी मादागास्करपासून भारत, श्रीलंका व म्यानमारमार्गे दक्षिण चीन आणि इंडोनेशियापर्यंत आढळते. आपल्याकडे ती वाढते ती मुख्यतः चार महिने पाऊस आणि पुढे दीर्घ कोरडा काळ असलेल्या, भरपूर उन्हाच्या जागी. भारतीय उपखंडात उष्ण प्रदेशातील गवते साधारण ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी झपाट्याने पसरली, त्यामुळे वाळलेले गवत आणि त्याची आग या गोष्टी येथे माणसापेक्षा जुन्या आहेत.

डोंगरकडा, खारघर
वरील माहितीस एक महत्त्वाची जोड द्यावीशी वाटते. आग सोसणे वेगळे आणि आगीमुळे पसरणे वेगळे, आणि धायटीच्या बाबतीत हा भेद विसरला की निष्कर्ष चुकतो. गवताची आग एका जागी फार वेळ टिकत नाही आणि माती उष्णता सावकाश वाहते, म्हणून जमिनीखालचा गाठाळ बुडखा शाबूत राहून पुन्हा फुटतो. नव्या जागी जाण्यासाठी मात्र बी लागते. जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास फांद्या लालभडक नळीदार फुलांनी लगडतात, शिंजीर हे चिमुकले पक्षी त्यांतला मध पितात, आणि पुढे त्याच वाळक्या नळीत बोंड पिकून अगदी बारीक बी बाहेर पडते. उघडी माती, कोसळलेली दरड, रस्त्यासाठी कापलेला डोंगर अशा ठिकाणी ते चटकन रुजते. मार्चचा वणवा नेमका फुले आणि कच्ची बोंडे जाळतो. म्हणजे त्या वर्षीचे बी गेले. दरवर्षी जळणाऱ्या उतारावर आपल्याला दिसते ती बहुधा जुन्याच बुडख्यांची फूट असते. ती गर्दी वाटते, कारण सोबतची रोपे आगीत टिकत नाहीत.

आणखी एक. आपल्याकडे विजांचा कडकडाट प्रामुख्याने मे-जूनच्या वळवासोबत येतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमधले वणवे जवळपास सगळे माणसाच्या हातून लागलेले असतात. त्यांना निसर्गक्रम म्हणणे मला पटत नाही.

रानवाट, ठाणे
मनःपूर्वक आभार. मग झुडपे न काढता तेथे काय करता येईल?

डोंगरकडा, खारघर
उपटू तर नकाच. तीव्र उतारावरची माती पहिल्या पावसात याच मुळांनी धरून ठेवलेली असते. उतार वनहद्दीत असल्यास वनविभागाशी बोलून डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढून घ्याव्यात. सलग काही वर्षे आग टळली की बी पिकते आणि दरवर्षी जळणारी इतर देशी रोपेही वर येऊ लागतात. झाडे लावायचीच असतील तर धायटीच्या मधल्या मोकळ्या जागेत थोडीच लावावीत, खड्ड्यांसाठी बुडखे खणू नयेत.