मदत हवी आहे: पडलेल्या कार्बन सायकलच्या फ्रेमबद्दल खात्रीचा सल्ला कसा मिळवावा? (रत्नागिरी)

आरेवारे:

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत शिक्षिका आहे, गेली पाच वर्षं नियमित सायकल चालवते. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक कार्बन रोड बाइक सेकंड हँड घेतली. पैसे साठवून घेतलेली पहिली चांगली सायकल, त्यामुळे जीव अडकलाय तिच्यात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी गणपतीपुळ्याहून परत येताना आरे-वारेच्या उतारावर पडले. रात्री पाऊस झाला होता आणि सड्यावरची लाल माती वाहून वळणावर आली होती. पुढचं चाक सटकलं. मी रस्त्यावर, सायकल घरंगळत जाऊन चिऱ्याच्या गडग्यावर. मला कोपर आणि गुडघा खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. हेल्मेटला तडा गेला, ते त्याच दिवशी टाकून दिलं.

आता सायकल. वरच्या नळीवर, हेड ट्यूबपासून (हँडलखालची पुढची उभी नळी) चार बोटं मागे, साधारण तीन सेंटिमीटरची आडवी रेघ आहे. हँडल गर्रकन फिरून ब्रेक लिव्हरचा कोपरा तिथेच बसला असणार, कारण लिव्हरच्या रबराचा काळा डाग रेघेला लागूनच आहे. नख फिरवलं की एका जागी किंचित अडकतं. उजव्या सीट स्टेवर (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणारी बारीक नळी) चिऱ्याने घासून रंग गेलाय. आणि डाउन ट्यूबवर (खालची तिरकी नळी) बाटलीच्या स्टँडच्या बोल्टभोवती रंग फुगलाय, तो पडल्यामुळे की आधीपासून, ते आठवत नाही.

इथल्या एका दुकानात नेली. त्यांनी अंगठ्याने दाबून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, रंगच गेलाय, बिनधास्त चालवा." दोन मिनिटंही लागली नाहीत. मग कोल्हापूरच्या एका दुकानाला फोटो पाठवले. त्यांचा निरोप दहा मिनिटांत: "कार्बन एकदा पडली की संपली." त्याच्या खाली सव्वा लाखाच्या नव्या फ्रेमचा फोटो. तिसऱ्या एका ओळखीच्यांनी एम-सील लावा, वरून रंग मारा, असं सांगितलं.

नवरा म्हणतो विकून टाक. पण जी फ्रेम चालवायची मला भीती वाटते ती दुसऱ्याच्या गळ्यात कशी मारू? शिवाय दर रविवारी माझा एकोणीस वर्षांचा भाचा ही सायकल नेतो आणि त्याच उतारावरून पन्नासच्या वेगाने खाली येतो. ताईला काय तोंड दाखवू काही झालं तर?

दोन दुकानं, दोन टोकं. कोणाचं खरं मानायचं आणि ते कसं ठरवायचं? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

---

घाटवेडा:

ताई, तुम्ही सुखरूप आहात हे सगळ्यात महत्त्वाचं. नीट तपासणी होईपर्यंत सायकल अजिबात चालवू नका, नाक्यापर्यंतसुद्धा नाही. भाच्यालाही आजच सांगा.

घरी करता येण्यासारखं थोडं सांगतो. सगळी फ्रेम साबणाच्या पाण्याने धुऊन पुसा आणि दिवसाउजेडी तिरप्या प्रकाशात बघा. मग कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्या रेघेवरून फिरवा. पृष्ठभागावरचं काही सेकंदांत उडून जातं. चीर असेल तर तिच्यात उतरलेलं मागे राहतं आणि ओली काळी रेघ थोडा वेळ दिसत राहते. ॲसिटोन वापरू नका, रंग खराब होईल.

---

पाना१०:

पुण्यात बावीस वर्षं सायकलींवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या दोन्ही दुकानांनी एकच चूक केली: तपासलं नाही आणि निकाल दिला. स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची नळी मार बसला की पोचते, वाकते, डोळ्यांना दिसते. कार्बनची नळी म्हणजे इपॉक्सी रेझिनने चिकटवलेले धाग्यांचे पातळ थर. मार बसला की ती आत दबते आणि परत मूळ आकारात येते, पण आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. बाहेर एक केसाएवढी रेघ आणि आत तळहाताएवढा भाग सुटलेला, असं मी स्वतः पाहिलंय. उलटंही पाहिलंय: भयंकर दिसणारी चीर फक्त रंगात आणि क्लिअर कोटमध्ये (रंगावरचा पारदर्शक थर), खालचं कार्बन शाबूत. म्हणून "रंगच गेलाय" आणि "संपली" ही दोन्ही वाक्यं फोटोवरून किंवा अंगठ्याने ठरत नाहीत.

दुकानदाराला सरळ विचारा, तुम्ही हे कशावरून म्हणता? रंग काढून बघितला का? नळीवर नाणं वाजवून आवाज ऐकला का? फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपेडी भाग) बाहेर काढला का? हे लिहून द्याल का? नीट काम करणारा माणूस या प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं की गिऱ्हाईक समजून घेतंय. आणि जो नवी फ्रेम विकतो त्यानेच जुनी बाद ठरवली, तर दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या. तो खोटं बोलतोय असं नाही. पण जोखीम घ्यायला त्याला काहीच कारण नाही आणि विकायला आहे.

सगळ्यांचं लक्ष फ्रेमवर आहे, मला काळजी फोर्कची वाटते. पुढचं चाक सटकून सायकल गडग्यावर गेली म्हणजे फोर्कनेही मार खाल्लाय. फोर्क पूर्ण काढायला लावा. स्टीअरर ट्यूब (फोर्कची हेड ट्यूबमधून वर जाणारी नळी) पुसून दोन जागा बघायच्या: खाली जिथे बेअरिंग बसतं तिथे आणि वर जिथे स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आवळला जातो तिथे. हँडलबार कार्बनचा असेल तर टेप काढून बघा, ओरखडा दिसला तर बदला. फोर्क, हँडलबार, सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) या वस्तू दुरुस्त करून वापरू नयेत या मताचा मी आहे. नळी दुरुस्त होते. फोर्क गेला तर माणूस थेट तोंडावर पडतो.

मागचं डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग जिला टांगलेला असतो ती पट्टी) सरळ आहे का तेही बघायला सांगा. ते वाकावं म्हणूनच मऊ ॲल्युमिनियमचं बनवतात, स्वस्तात बदलता येतं. आणि कोणी सायकल स्टँडवर लावताना वरच्या नळीला चिमटा लावू लागला तर तिथेच थांबवा. सीटपोस्टला लावायचा.

---

मीठवारा:

बाटलीच्या बोल्टभोवती फुगलेल्या रंगाबद्दल: माझ्या मते त्याचा पडण्याशी संबंध नसावा. मी गुहागरला समुद्रापासून दोनशे मीटरवर राहतो, माझ्याही फ्रेमला अगदी हेच झालं होतं. बोल्ट ज्यात बसतो तो रिवनट ॲल्युमिनियमचा असतो. कार्बन वीजवाहक आहे, त्यामुळे खारं पाणी मध्ये आलं की ॲल्युमिनियम झपाट्याने गंजतं, पांढरी पूड होते आणि रंग वर उचलते. सायकल धुऊन बोल्ट काढून बघा, पांढरी भुकटी दिसेल. आपल्याकडच्या हवेत ॲल्युमिनियमचा सीटपोस्टही कार्बनच्या फ्रेममध्ये असाच जाम होतो, तोही एकदा ढिला करून बघा.

आणि एक सुचवतो, हसू नका. मिरकरवाड्याला फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे मिस्त्री आहेत. सध्या मासेमारी बंद आहे, होड्या वर ओढलेल्या आहेत, ते कामावरच असतील. त्यांच्याकडून पट्टी मारून घेता येईल का?

---

पाना१०:

हसण्यासारखं काहीच नाही, पण पट्टी मारून घेऊ नका. होडीला काचेच्या तंतूंची मॅट आणि पॉलिस्टर रेझिन लागतं. फ्रेम इपॉक्सीची असते, तिच्यावर पॉलिस्टर नीट धरत नाही. शिवाय कार्बनचा ताठपणा काचेच्या तंतूंच्या साधारण तिप्पट असतो आणि सायकलीत प्रत्येक थराची दिशा ठरवून टाकलेली असते. योग्य दुरुस्तीत खराब भाग तिरका, उतरता घासून काढतात, त्याच दिशेने नवे थर चढवतात, दाबाखाली आणि उष्णता देऊन पक्के करतात. वरून एम-सील म्हणजे फक्त चीर झाकणं, जे सगळ्यात वाईट, कारण पुढे वाढली तरी दिसणार नाही.

मात्र त्या मिस्त्रींना ऐकायला जरूर न्या. होडीचा थर सुटलाय का हे ते ठोकूनच ओळखतात. त्यांचा कान आपल्यापेक्षा तयार असतो.

---

आरेवारे:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत जे केलं ते सांगते.

अल्कोहोल लावून बघितलं. सीट स्टेवरचं लगेच उडालं, काही उरलं नाही. वरच्या नळीवर मात्र रेघेचा मधला भाग, साधारण एक सेंटिमीटर, काळाच राहिला. मी तीनदा करून बघितलं, तीनही वेळा तेवढाच भाग.

मीठवारा, तुमचं अगदी बरोबर. बोल्ट काढला तर आत पांढरी भुकटी, पिठासारखी.

काल संध्याकाळी चाकं काढून फ्रेम रिक्षातून मिरकरवाड्याला नेली. ताडपत्रीखाली एका होडीच्या तळाचं काम चाललं होतं, रेझिनचा वास डोळ्यांत जात होता. मिस्त्री साठीचे असतील. मी सगळं सांगितलं, त्यांनी हात पुसले, फ्रेम मांडीवर घेतली आणि खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं. आधी सीट स्टे, डावा मग उजवा, खालपासून वर. दोन्हीकडे सारखाच टणटणीत आवाज. मग वरची नळी, मागून पुढे. टिक, टिक, टिक, आणि रेघेच्या दोन बोटं अलीकडेच आवाज बसला, पुठ्ठ्यावर वाजवावं तसा. त्यांनी पुढे जाऊन परत मागे येत तीनदा वाजवलं आणि माझ्या हातातलं पेन मागून जिथे आवाज बदलत होता तिथे दोन्हीकडे खूण केली. रेघ तीन सेंटिमीटरची, खुणांमधलं अंतर सात.

"ताई, माल आत सुटलाय. ह्याच्यावर मी हात नाय लावणार, हे माझं काम नाय," म्हणाले. पैसे घेतले नाहीत. पंधरा दिवसांत मला मिळालेला हा सगळ्यात प्रामाणिक सल्ला.

आता पुढे काय? सात सेंटिमीटर म्हणजे फ्रेम गेली का?

---

पाना१०:

मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा.

गेली असं नाही. नळीच्या मधल्या भागातलं नुकसान सहसा दुरुस्त होतं. हेड ट्यूबच्या जोडाजवळ किंवा बीबीजवळ (पेडलचा आस बसतो ती जागा) गेलं असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे थर जाड असतात, आकार गुंतागुंतीचा असतो आणि ताणही जास्त. तुमची रेघ चार बोटांवर आहे, म्हणून जोडापर्यंत पोचलंय की नाही हे कळणं गरजेचं आहे. नाणं ते सांगू शकत नाही, कारण जोडाकडे भिंत जाड होत जाते तसा आवाजही आपोआप बदलतो. हेही लक्षात ठेवा की नाण्याने "इथे गडबड आहे" हे कळतं, "बाकी सगळं ठीक आहे" हे कळत नाही.

अल्ट्रासाउंडने तपासणारा कार्बन दुरुस्ती करणारा शोधा. त्यात ध्वनिलहर नळीच्या भिंतीतून जाते आणि पलीकडच्या कडेवरून परतते. मध्ये थर सुटलेले असतील तर पोकळीवरूनच लवकर परतते, म्हणजे भिंत तेवढ्या जागी पातळ दिसते. त्यावरून सुटलेल्या भागाची हद्द आखता येते. फोन करताना चार गोष्टी विचारा: तपासणीचे पैसे वेगळे घेता का (घेत असतील तर उत्तम, म्हणजे दुरुस्तीचं काम मिळवायला निकाल फिरवायची गरज नाही), अहवाल लेखी देता का, थर कोणत्या दिशेने चढवणार, आणि दुरुस्तीची हमी किती वर्षांची.

---

घाटवेडा:

कंपनीच्या वॉरंटीच्या मागे वेळ घालवू नका. ती उत्पादनातल्या दोषाला असते, पडण्याला नाही. काही कंपन्या पडलेल्या फ्रेमच्या बदल्यात सवलतीत नवी देतात, पण बहुधा पहिल्या मालकालाच आणि मूळ बिलावर. तुमची सेकंड हँड आहे.

फ्रेम पाठवताना फोर्क, हँडल, सीटपोस्ट सगळं काढा. मागच्या ड्रॉपआउटच्या (चाक बसतं त्या खाचांच्या) मध्ये चाकाच्या ॲक्सलएवढा आधार बसवा, म्हणजे खोक्यावर कोणी वजन ठेवलं तरी स्टे आत दाबले जाणार नाहीत. मिस्त्रींची खूण पुसू नका.

---

आरेवारे:

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व. शाळा सुरू झाली.

चार ठिकाणी फोन केले. दोघांनी फोटोवरूनच दुरुस्तीचा भाव सांगितला, तिथेच त्यांना नमस्कार केला. एकाने सांगितलं, "आधी तपासणी, त्याचे पैसे वेगळे, अहवाल बघून तुम्ही ठरवा." फ्रेम आणि फोर्क त्यांच्याकडे पाठवले.

काल अहवाल आला. वरच्या नळीत थर सुटलेत, लांबी आठ सेंटिमीटर, हेड ट्यूबच्या जोडापासून दोन सेंटिमीटर अलीकडे संपतात. जोड शाबूत. दोन्ही सीट स्टे शाबूत. बाटलीच्या बोल्टचे रिवनट बदलायचे. फोर्कच्या स्टीअररवर खालच्या बेअरिंगच्या जागी बारीक चीर, फोर्क बाद. हे वाचलं तेव्हा हात थंड पडले. पाना१०, तुम्ही लिहिलं नसतं तर मी फोर्क पाठवलाच नसता, घरी माळ्यावर ठेवून तोच परत बसवला असता.

नळी दुरुस्त करायला सांगितली आहे, फोर्क नवा घेतेय. स्टेमचे बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), स्टेमवर छापलेल्या पाच न्यूटन मीटरलाच आवळायचे हे भाच्याकडून पाठ करून घेतलंय. बाद फोर्क कोणाच्या हाती लागून पुन्हा सायकलीत जाऊ नये म्हणून दुकानदारांना तो करवतीने कापून तुकड्यांचा फोटो पाठवायला सांगितलं. आज सकाळी फोटो आला.