एरिस २००३ च्या फोटोत होता, मग २००५ मध्ये कसा सापडला?

नभवेडा_नागपूर
मुलांसाठी बटुग्रहांचा तक्ता करतोय. एरिसच्या शोधाची तारीख कुठे २१ ऑक्टोबर २००३, कुठे ५ जानेवारी २००५. कोणती लिहू? तो प्लूटोपेक्षा मोठा की लहान? आणि आठ इंची दुर्बिणीतून इथून दिसेल का?

ध्रुवमत्स्य
फोटो २००३ चे, शोध २००५ चा. तक्त्यात २००५ लिहा. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेची १.२ मीटरची दुर्बीण एकाच भागाचे दीड-दीड तासाने तीन फोटो घ्यायची आणि सरकलेला ठिपका संगणक हुडकायचा. पण तासाला १.५ आर्कसेकंदांपेक्षा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) हळू सरकणारं सगळं तो गाळून टाकायचा, कारण त्या वेगाला खोट्या ठिपक्यांचा खच पडतो. एरिस नेमका त्यातच गेला. सेडना हा दूरचा गोल १.७५ च्या वेगाने सापडल्यावर ब्राऊन, ट्रुहियो आणि रॅबिनोविट्झ या खगोलशास्त्रज्ञांनी मर्यादा खाली आणून जुने फोटो पुन्हा चाळले.

हे सरकणं मुख्यतः आपल्या पृथ्वीचं. काटोलच्या रस्त्याने जाताना जवळची संत्र्याची झाडं भर्रकन मागे पडतात, लांबची टेकडी जागची हलत नाही, तसंच. एरिस तेव्हा ९७ खगोलीय एककांवर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या ९७ पट लांब होता.

तिमिंगल
व्यास २३२६ किमी, प्लूटोचा २३७७. लहान, पण वस्तुमान २७ टक्के जास्त; ते डिस्नोमिया या उपग्रहाच्या सुमारे १६ दिवसांच्या फेरीवरून काढलं. व्यास मिळाला ६ नोव्हेंबर २०१० च्या पिधानातून, म्हणजे एरिसने एक तारा झाकला तेव्हा. आधी तो मोठा वाटला, कारण मिथेनच्या बर्फाचा पृष्ठभाग ९६ टक्के प्रकाश परतवतो हे ठाऊक नव्हतं.

ध्रुवमत्स्य
डोळ्याने नाही दिसणार भाऊ. त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा, जितका मोठा तितकं अंधुक) १८.७, आठ इंचीची मजल १४ पर्यंत. फोटोत मात्र येईल, शहरातून नको, पेंचच्या अंधारात जा. एरिस तिमिंगल तारकासमूहात आहे, ऑक्टोबरच्या मध्यात मध्यरात्री डोक्यावरून थोडा दक्षिणेला, ६८ अंशांवर. लक्ष्मीपूजनाची अमावास्या उत्तम.

एक-एक मिनिटाचे साठ फोटो घेऊन एकावर एक रचा. दर काही फोटोंनंतर दुर्बीण पाच-दहा पिक्सेल हलवा, नाहीतर कॅमेऱ्याचे तापलेले पिक्सेल रचताना ओळीत सरकतात आणि एरिस सापडल्यासारखं वाटतं. दुसऱ्या रात्री तोच भाग पुन्हा टिपा. एरिस ३५ आर्कसेकंदांच्या आसपास सरकलेला हवा, दुर्बिणीचं नाभीय अंतर एक मीटर आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असेल तर साधारण ४५ पिक्सेल. त्या दोन्ही जागा हॉरायझन्सच्या (ग्रहगोलांच्या जागा सांगणारी नासाची ऑनलाइन सेवा) आकड्यांशी जुळल्या तरच तो एरिस.