स्तनपान सुरू असताना शरीर गरोदरपणाच्याच स्थितीत असते का?

वैदेही: सातव्या महिन्यात माझी नाडी स्वस्थ बसलेली असतानाही नव्वदच्या आसपास असे, हिमोग्लोबिन उतरले होते आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड (एक प्रकारचा मेद) बरेच वाढले होते. डॉक्टरांनी हे अपेक्षितच असल्याचे सांगितले. आता बाळ दोन महिन्यांचे आहे आणि नाडी पूर्ववत झाली आहे, परंतु भूक मात्र विलक्षण वाढली आहे. हे बदल कशामुळे होतात, आणि दूध पाजणे थांबेपर्यंत ते असेच राहतात का?

अनुराधा: नाही, चयापचयाची दिशा प्रसूतीनंतर जवळजवळ उलटते. गरोदरपणाच्या पूर्वार्धात शरीर चरबी साठवते. उत्तरार्धात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, त्यामुळे आईचे स्नायू ग्लुकोज कमी वापरतात, ते बाळाला अधिक मिळते आणि आईची गरज साठवलेल्या चरबीवर भागू लागते. ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिप्पट होणे हा त्याच व्यवस्थेचा भाग आहे. वार बाहेर पडताच इन्सुलिनच्या कामातील हा अडसर झपाट्याने ओसरतो. स्तनपानात रक्तातील मेद आणि ग्लुकोज स्तनग्रंथी दुधासाठी खेचून घेतात. दररोज सुमारे पाऊण लिटर दूध तयार होत असेल, तर त्यासाठी साधारण 500 किलोकॅलरी अधिक लागतात. काही चरबीतून निघतात, उरलेल्या आहारातून याव्या लागतात. तेव्हा आपल्या भुकेला दोष देऊ नये.

मेधा: हृदयाविषयी थोडी भर घालते. संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांचा विरोध घटतो, म्हणून मधल्या महिन्यांत रक्तदाब किंचित उतरतो. ती उणीव भरून काढण्यासाठी मूत्रपिंडे मीठ व पाणी राखून ठेवतात आणि रक्ताचे आकारमान चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. त्यात रक्तद्रवाची वाढ तांबड्या पेशींपेक्षा जास्त असल्याने हिमोग्लोबिन काही प्रमाणात केवळ पातळ झाल्यामुळेच कमी दिसते, अर्थात लोहाची कमतरता तपासून घ्यावीच. दर मिनिटाला हृदय पूर्वीपेक्षा तीस ते पन्नास टक्के अधिक रक्त पुढे ढकलते आणि त्यासाठी डावा कप्पा काहीसा रुंदावतो व त्याची भिंत जाड होते. खेळाडूंच्या हृदयाची उपमा येथे नेहमी दिली जाते, पण खेळाडू विश्रांती घेतो, गर्भवतीला ती सवलत नसते! प्रसूतीनंतर हे बहुतांशी काही आठवड्यांत ओसरते, पूर्णपणे ओसरायला काहींना सहा महिनेही लागतात.

वैदेही: मग प्रसूतीनंतर धाप लागली तर तीही सामान्यच समजावी का?

मेधा: तसे गृहीत धरू नये. आडवे झाल्यावर श्वास अडकणे, रात्री धाप लागून जाग येणे, पायांवरील सूज वाढत जाणे किंवा छाती दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून प्रसूतीनंतरच्या पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायू दुर्बळ होण्याचा एक विरळ आजार उद्भवू शकतो, आणि नेमका तो बाळंतिणीचा थकवा समजून दुर्लक्षिला जातो.

अनुराधा: गरोदरपणी मधुमेह निघाला असेल, तर प्रसूतीनंतर चार ते बारा आठवड्यांत साखरेची चाचणी पुन्हा करून घ्यावी. तुमचे बाळ दोन महिन्यांचे आहे, म्हणजे तसे असल्यास चाचणीचा काळ हाच आहे.