मदत हवी आहे: बिनसाखरेची, कमी कार्बची उन्हाळी कॉकटेल्स (गच्चीवर 18 माणसं, नाशिक)

नमस्कार मंडळी,

जानेवारीत नवऱ्याला डायबेटिस निघाला. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 7.6. सध्या डायबेटिसची फक्त मेटफॉर्मिन ही गोळी चालू आहे. चहातली साखर गेली, भात अर्ध्या वाटीवर आला, रोज सकाळी सोमेश्वरपर्यंत चालणं सुरू झालं. हे सगळं त्याने एका शब्दाने कुरकुर न करता केलं, म्हणून मला त्याच्यासाठी हे एक नीट करायचंय.

मेच्या दुसऱ्या शनिवारी त्याच्या इंजिनिअरिंगच्या वर्गातले 18 जण आमच्या गच्चीवर जमणार आहेत. 25 वर्षं झाली पास होऊन. पुणे-मुंबईची मंडळी नाशिकला यायची म्हणजे एरवी वायनरी ठरलेली असते, या वेळी त्यानेच सगळ्यांना घरी बोलावलं. आणि परवा जेवताना सहज म्हणाला, "मी आपला सोडा घेईन, लिंबू पिळून."

मला ते नकोय. इतक्या वर्षांनी भेटलेल्या मित्रांमध्ये त्याने आपला वेगळा ग्लास धरून बसावं, आणि प्रत्येकाने "काय रे, सोडलीस का?" विचारावं, असं व्हायला नको. तेव्हा मी ठरवलंय की त्या दिवशी सगळ्यांसाठीच बिनसाखरेचं करायचं. पण ते चवीला असं हवं की कुणाला पथ्याचं वाटू नये. एका ग्लासात कार्ब्स 5 ग्रॅमच्या आत, एवढं मी स्वतःपुरतं ठरवलंय.

डॉक्टरांना विचारून झालंय. ते म्हणाले, क्वचित, जेवणासोबत, दोन लहान पेगच्या वर नाही. आणि सोबत काय मिसळता त्याकडे जास्त लक्ष द्या. त्यांचं हे दुसरं वाक्य आम्हाला मार्चमध्ये अनुभवाने कळलं. एका हॉटेलात त्याने जिन-टॉनिक घेतलं, दोन. टॉनिक कडू, म्हणजे त्यात साखर नसणार असं आम्ही दोघांनी धरलं होतं. रात्री ग्लुकोमीटरवर 231. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन कॅनची मागची बाजू वाचली, तर 100 मिलीला साडेआठ ग्रॅम साखर. 300 मिलीचे दोन कॅन म्हणजे 50 ग्रॅम, दहा-बारा चमचे! तेव्हापासून मी घरात येणारी प्रत्येक बाटली उलटी करून वाचते.

वाचून एवढं समजलं की जिन, व्होडका, व्हिस्की यांत साखर किंवा कार्ब्स नसतात, उष्मांक असतात ते अल्कोहोलचे. ग्रॅमला 7. आपल्याकडची 42.8 टक्क्यांची दारू 30 मिली घेतली तर साधारण 70 कॅलरी. म्हणजे घोळ सगळा सिरप, लिकर (पाक घातलेली गोड दारू), ज्यूस आणि कोल्ड्रिंकचा.

आता अडलंय कुठे ते सांगते.

मी गेल्या आठवड्यात तीन वेळा करून पाहिलं. लिंबू, पुदिना, व्होडका, सोडा, साखर नाही. पहिल्या घोटालाच दात आंबले. लिंबू कमी केलं तर पाणचट. मग एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायची गोड पूड) आणलं, साखरेच्या पाकासारखं एकास एक पाण्यात उकळवून बाटली फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी तळाशी काचेसारखे खडे! वरून जिभेवर एक विचित्र गारवा येतो, पेपरमिंट खाल्ल्यासारखा. स्टीव्हियाने नंतर कडवट लागलं. आणि काहीही घातलं तरी पेय अंगाला हलकं लागतं, पाकाचा तो दाटपणा येत नाही.

दुसरं, सासूबाई आणि दोन मैत्रिणी दारू घेत नाहीत. त्यांनाही तेच पेय, दारू वगळून, तितकंच चांगलं लागायला हवं. आणि नाशिकला येऊन वाइन नाही असं होणार नाही, तर कोणती वाइन आणायची? गोड कोणती, कोरडी कोणती, हे मला बाटलीवरून कळत नाही.

अनुभवातून सांगा. नेटवर वाचलेल्या परदेशी रेसिपीतलं निम्मं सामान इथे मिळत नाही.

पंचवटीकर

ताई, मी बारा वर्षं हॉटेलच्या बारमागे उभा होतो. तुमची चूक एकच आहे, तुम्ही पाकाच्या जागी काहीतरी शोधताय. आंबट कॉकटेलचा ढाचा साधारण असा असतो: 60 मिली दारू, 30 लिंबूरस, 30 पाक. त्या 30 मिली पाकात 18 ग्रॅम साखर असते, आणि तीच त्या 30 मिली लिंबाला पेलून धरते. साखर काढलीत तर लिंबूही काढायला हवं. 10 मिलीवर या, जास्तीत जास्त 15. सोडा स्वतःही थोडा आंबट असतो हे विसरू नका.

मग पाणचट का लागतं? कारण आंबट कमी केल्यावर तुम्ही दुसरं काही घातलं नाही. तिथे कडू, तिखट, खारट आणि वास यायला हवा. 80 मिली पाण्यात 20 ग्रॅम मीठ विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत भरा. प्रत्येक ग्लासात तीन थेंब. खारट लागत नाही, कडवटपणा मात्र दबतो, स्टीव्हियाचासुद्धा. आल्याचा रस, ठेचलेली मिरी, लिंबाची साल पिळून तिचं तेल वर उडवणं, यांना साखर लागत नाही.

एरिथ्रिटॉलचे खडे होणारच. साखर पाण्यात दुप्पट वजनाची विरघळते, हे तेवढं विरघळत नाही, आणि गार झालं की आणखी कमी. 100 मिली पाण्यात 20 ग्रॅमच घाला, उरलेला गोडवा स्टीव्हियाच्या दोन-तीन थेंबांनी आणा. दोन्ही थोडं थोडं असलं की एकाचा गारवा आणि दुसऱ्याचा कडवटपणा दोन्ही कमी जाणवतात. पाहुण्यांना जास्त पाजू नका, काहींचं पोट बिघडतं.

दाटपणासाठी छोले शिजवलेलं पाणी गाळून गार करा. 20 मिली शेकरमध्ये टाकून आधी बर्फाशिवाय, मग बर्फासोबत हलवा. वर अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची लोणच्याची बरणी चालते, फक्त लोणच्याचा वास पूर्ण गेलेला हवा.

सिंधुदुर्गातून

कोकमाचं आगळ कसं काय कुणी सुचवलं नाही! अमृत कोकम नव्हे हं, ते साखरेच्या पाकातलं असतं. आगळ म्हणजे नुसता कोकमाचा रस आणि मीठ. आंबट, खारट आणि रंग, तिन्ही एका बाटलीत. 15 मिली आगळ, 45 मिली जिन, बर्फ, वरून गार सोडा, भाजून भरडलेलं जिरं चिमूटभर. वेगळं मीठ घालू नका. सासूबाईंना जिन काढून तेच द्या, आमच्याकडे आगळ असंच पितात. बाटली घेताना मागे नक्की वाचा, हल्ली काहीजण आगळातही साखर घालतात.

द्राक्षबाग

वाइनचं मी सांगतो, घरची द्राक्षं वायनरीला जातात. कोरडी पांढरी हवी तर सोव्हिन्यों ब्लां घ्या. शेनिन ब्लां आपल्याकडची बरीचशी किंचित गोड ठेवलेली असते, म्हणून ती नवख्यांना आवडते. लेट हार्वेस्ट लिहिलेलं असेल तर हातच लावू नका, ती जेवणानंतरची गोड वाइन. बुडबुड्यांच्या वाइनवर 'ब्रूट' असेल तर लिटरला 12 ग्रॅमच्या आत साखर, म्हणजे 150 मिलीच्या ग्लासात दोन ग्रॅमपेक्षा कमी. गंमत म्हणजे 'एक्स्ट्रा ड्राय' हे नाव कोरडं वाटतं, पण ती ब्रूटपेक्षा गोड असते. नेमके इथेच लोक फसतात.

मेच्या उन्हात वाइन नुसती देऊ नका. 100 मिली सोव्हिन्यों ब्लां, 60 मिली सोडा, काकडीच्या लांब कापट्या, भरपूर बर्फ. बिअरपेक्षा हे कितीतरी बरं, 650 मिलीच्या बिअरच्या बाटलीत कार्ब्सच वीसेक ग्रॅम असतात.

एक वाचक

रागावू नका, पण डायबेटिस झाल्यावर दारूच कशाला? सरबतावर भागवता येणार नाही का?

धागाकर्ती

रागावले नाही. हा प्रश्न मी त्यालाही विचारला होता. तो वर्षात चार-पाच वेळा घेतो आणि डॉक्टरांनी त्याला मर्यादा घालून दिली आहे. पूर्ण बंद कर म्हणाले असते तर सगळ्यांना पन्हं दिलं असतं. ज्यांना डॉक्टरांनी नको सांगितलंय त्यांनी हा धागा फक्त सरबतांसाठी वाचावा, ही विनंती.

पेशाने डॉक्टर

थोडं लांब लिहितोय, कारण हे सुटून जातं. सगळ्यांचं लक्ष साखर वाढण्याकडे असतं. अल्कोहोलमुळे ती पडूही शकते. यकृत अल्कोहोल निस्तरण्यात गुंतलं की रक्तात नवीन ग्लुकोज सोडण्याचं त्याचं काम मंदावतं. आणि हे पीत असतानाच होईल असं नाही, मध्यरात्री किंवा दुसऱ्या सकाळीही होतं. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका कमी आहे, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर बिनकार्बची कॉकटेल आणि रिकामं पोट ही जोडी खरोखर धोक्याची. हात थरथरणं, घाम, असंबद्ध बोलणं, साखर पडल्याची ही लक्षणं दारू चढल्यासारखी दिसतात आणि आजूबाजूचे "झोपू दे त्याला" म्हणतात. तसं वाटलं तर आधी साखर मोजा. घरात ग्लुकोज पावडर ठेवा. झोपण्याआधी एकदा मोजा, सकाळी उठल्यावर एकदा.

डायबेटिसच्याच डापाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी कडक लो-कार्ब आणि दारू एकत्र करू नये, कीटोॲसिडोसिसचा (रक्तात आम्ल साचण्याचा) धोका वाढतो. मेटफॉर्मिनवर असताना भरपूर पिणंही वाईटच. तुमच्या 18 जणांत आणखी दोन-तीन डायबेटिसवाले सहज असतील, त्यांना कोणत्या गोळ्या आहेत ते यजमान म्हणून हळूच विचारून ठेवा.

आणि चकणा! ग्लासात 3 ग्रॅम आणि शेजारी चिवड्याचं ताट असं करू नका. भाजलेले शेंगदाणे, पनीर, उकडलेली अंडी, काकडी ठेवा. पोट भरलेलं हवं, पोह्यांनी नव्हे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चिवड्याचं अगदी मनातलं ओळखलंत, दोन किलोची ऑर्डर देऊन झाली होती. एक किलो केली.

रविवार कारंजावर जाऊन सब्जा, वाळ्याची जुडी आणि दोन बाटल्या आगळ आणलं. एक बाटली साखरेची निघाली, परत करून दुसरी आणली. वाळा माठात घातला. आमच्या घरी उन्हाळ्यात तो असतोच, पण या वेळी ते पाणी बर्फाच्या ट्रेमध्येही ओतलं. बर्फ विरघळतो तसा पेयाला वास चढत जातो, शेवटचा घोट पहिल्यापेक्षा चांगला लागतो. बिनसाखरेचं पेय बर्फाने पाणचट होण्यावर मला सापडलेला हा सर्वात चांगला उपाय.

कैरीचं काल जमलं. कैरी उकडून 30 ग्रॅम गर (तीनेक ग्रॅम कार्ब्स), 45 मिली व्होडका, वर सांगितलेला एरिथ्रिटॉल-स्टीव्हियाचा पाक 15 मिली, छोल्याचं पाणी, मिठाचे थेंब, एक हिरवी मिरची उभी चिरून. बरणीत हलवून गाळलं. लिंबू अजिबात नाही, कैरीच पुरते. नवऱ्याने एक घोट घेतला आणि विचारलं, "यात गूळ किती घातलास?"

धागाकर्ती (रविवार दुपार)

झालं कालचं. धागा वर काढतेय कारण तिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय.

कोकम-जिन पहिल्या तासात संपलं. कैरी दुसरी. वाइन-सोडा-काकडी रात्री जेवणासोबत, त्यात बर्फाऐवजी गोठवलेली थॉमसनची द्राक्षं टाकली होती, ग्लासात दोनच मणी. बिनसाखरेचं आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याने दोन घेतली, दोन्ही वेळा ताटात काहीतरी होतं. त्याची साखर आधी 126, झोपताना 148, आज सकाळी 117. पुण्याहून आलेले त्याचे एक मित्र रात्री गच्चीवरून उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाले, वहिनी, मला पण दोन वर्षांपासून आहे, अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्यांना ग्लिमेपिराइड चालू आहे. डॉक्टरसाहेब, तुमचं ऐकून मी झोपण्याआधी त्यांचीही साखर मोजली. 82 होती. तेव्हा पोळी-भाजी खायला लावली, मग झोपू दिलं. पहाटे पुन्हा मोजली, 104.

सासूबाईंनी आगळ-सोड्याचे तीन ग्लास घेतले आणि आज सकाळी अर्धी बाटली त्यांच्या खोलीत गेली आहे. त्यांना बीपीची गोळी चालू आहे आणि आगळात मीठ बरंच असतं. सिंधुदुर्गातल्या ताई, मीठ न घातलेलं आगळ कुठे करून मिळतं का? की वाळलेली आमसुलं भिजवून रस काढला तर तीच चव येईल?