अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी दोन्ही कमी, मग बाहेरून का देत नाहीत?

वैशाखी: आईला न्यूमोनियातून सेप्सिस (संसर्गाला शरीराचा बेलगाम प्रतिसाद) झालाय, आयसीयूत पाचवा दिवस. प्लेटलेट 42 हजार, अँटिथ्रॉम्बिन 45 टक्के, प्रोटीन सीही कमी; दोन्ही रक्त गोठणं आवरणारी प्रथिनं. बोटांची टोकं काळी-निळी पडलीत आणि सुई टोचलेल्या जागेतून मात्र रक्त झिरपतंय. डॉक्टर म्हणतात डीआयसी, म्हणजे अंगभर बारीक गुठळ्या होतात आणि गोठवणारे घटक त्यातच संपून रक्तही वाहतं. जे कमी आहे ते भरायचं, इतकं सरळ नाही का हे? विचारलं तर "त्याचा उपयोग होत नाही" एवढंच उत्तर मिळालं. मी पार गोंधळलेय.

रात्रपाळी: ताई, तुमचा हिशोब वेडगळ नाही. 2001 साली आम्ही आयसीयूवाल्यांनीही तोच मांडला होता.

प्रोटीन सी नुसतं असून भागत नाही, ते सक्रिय व्हावं लागतं. ते काम रक्तवाहिनीच्या अस्तरावरचं थ्रॉम्बोमोड्युलिन हे प्रथिन करतं आणि सेप्सिसमध्ये तेच अस्तर सोलून निघतं. म्हणून सक्रिय केलेलंच प्रोटीन सी आलं, झायग्रिस. 1690 रुग्णांच्या चाचणीत मृत्यू 30.8 वरून 24.7 टक्क्यांवर आले. आम्ही हुरळलो. सलग 96 तासांचं ड्रिप, पंपावर नजर ठेवून.

हे औषध चालू असलेल्या माझ्या एका रुग्णाचं लॅक्टेट (वाढलं की पेशींना ऑक्सिजन कमी पडतोय असं समजतात) उतरत होतं, बीपीचं औषध निम्म्यावर आलं होतं. तिसऱ्या रात्री डोळ्याची एक बाहुली मोठी झाली. मेंदूत रक्तस्राव. त्याचे प्लेटलेट आधीच कमी होते, त्यामुळे औषधानंच झालं असं छातीठोकपणे नाही म्हणणार. पण तो पंप मीच लावला होता.

पुढे शॉकच्या, म्हणजे सेप्सिसनं बीपी कोसळलेल्या, रुग्णांवर चाचणी पुन्हा झाली. औषध घेतलेल्यांत मृत्यू 26.4 टक्के, न घेतलेल्यांत 24.2. ऑक्टोबर 2011 मध्ये कंपनीनं औषध बाजारातून काढून घेतलं. अँटिथ्रॉम्बिनचीही तीच गत: 2300 हून जास्त रुग्ण, चार दिवसांत 30 हजार युनिट, मृत्यू दोन्हीकडे जवळपास 39 टक्के. सोबत हेपरिन (गुठळ्या रोखणारं औषध) असलेल्यांत रक्तस्राव मात्र वाढला.

नमुना_क्र_7: लॅबमधून लिहितोय. अँटिथ्रॉम्बिन तीन वाटांनी घटतं: गुठळ्यांत खर्च होतं, लिव्हर कमी बनवतं, आणि गळक्या वाहिन्यांतून बाहेर झिरपतं. हेपरिन चालू असेल तर आणखी खाली जातं. एका आकड्यावर अडकू नका. फायब्रिनोजेन (गुठळीचं जाळं विणणारं प्रथिन), पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि प्लेटलेट कालच्यापेक्षा कुठे चाललेत ते विचारा.

वैशाखी: पण जपानमध्ये देतात असं वाचलं?

रात्रपाळी: देतात. सेप्सिसच्या डीआयसीत अँटिथ्रॉम्बिनही आणि थ्रॉम्बोमोड्युलिनही. थ्रॉम्बोमोड्युलिनच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, 2019, मृत्यू औषध घेतलेल्यांत 26.8, न घेतलेल्यांत 29.4 टक्के निघाले. कल बरा, पण तो फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून बाकीच्या ठिकाणी फारसं कुणी हात घालत नाही. जन्मतःच प्रोटीन सी नसलेल्या बाळांची गोष्ट वेगळी. तिथे अस्तर शाबूत असतं, दिलेलं प्रोटीन कामी येतं.

उद्या राउंडला हे विचारा: जंतू कोणता निघाला, अँटिबायोटिक त्याला लागू आहे का, फुप्फुसाभोवती पू साठलाय का. आणि रक्त झिरपणं वाढलं तर प्लेटलेट किंवा प्लाझ्मा देणार का.

वैशाखी: विचारलं. सोनोग्राफीत उजवीकडे पू दिसला, दुपारी नळी घालणार आहेत. त्याआधी प्लेटलेट चढवतायत.

रात्रपाळी: बरं झालं. नळीतून किती आणि कसलं आलं ते कळवा.