सायकलवरून पडून सोललेल्या जखमा: सुकू द्याव्यात की झाकून ओलसर ठेवाव्यात?

वळणवाट

उतारावरच्या वळणावर बारीक खडीमुळे पुढचे चाक घसरले आणि मी डाव्या कुशीवर पडून काही अंतर रस्त्यावर फरफटत गेलो. डोके आपटले नाही, शुद्धही हरपली नव्हती. मात्र डावे कोपर, खुब्याची बाजू आणि गुडघा चांगलेच सोलवटले आहेत. त्यांपैकी कोपराची जखम तळहाताहून मोठी असून तिच्यातून सतत लस येत आहे. पडताना हात टेकल्यामुळे मनगटही थोडे दुखते, पण ते हलवता येते. जखमा पाण्याने धुतल्या आहेत, तरी कोपराच्या जखमेत काळसर बारीक ठिपके अजून दिसतात. प्राथमिक उपचार करणाऱ्यांनी साधे गॉझ लावून दिले होते. ते बदलायला गेलो तेव्हा ते जखमेला घट्ट चिकटलेले होते आणि ओढताना पुन्हा रक्त आले.

घरातील मोठी माणसे सांगतात की जखम उघडी ठेवावी, वारा लागला की खपली धरते आणि जखम भरते. औषधाच्या दुकानातून मात्र जखम ओलसर ठेवणाऱ्या पट्ट्या सुचवण्यात आल्या. यांपैकी कोणते योग्य, त्या काळ्या ठिपक्यांचे काय करावे आणि सायकल पुन्हा केव्हा चालवता येईल, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

शुश्रूषा

मी अनेक वर्षे जखमांच्या ड्रेसिंगचे काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पट्टीचा विचार करण्याआधी त्या काळ्या ठिपक्यांकडे लक्ष द्या, कारण ते जसेच्या तसे ठेवून चालणार नाही. ते रस्त्यावरच्या डांबराचे, खडीचे किंवा मातीचे कण आहेत. वरची त्वचा जुळून आली की ते आतल्या थरात बंदिस्त होतात आणि गोंदल्यासारखा निळसर-काळा डाग कायमचा राहतो, जो पुढे काढायचा झाल्यास लेझरसारखे उपचार करावे लागतात. शिवाय असे कण जखमेत राहिले की जंतुसंसर्गालाही वाव मिळतो. जखम ताजी असताना हे काम सर्वांत सोपे असते, त्यामुळे यात एक दिवसही घालवू नका. आपल्याला चालत असेल तर अर्धा-पाऊण तास आधी पॅरासिटामॉलची गोळी घ्या, हात स्वच्छ धुवा, पिण्यायोग्य कोमट पाण्याची धार काही मिनिटे जखमेवर सोडा आणि भिजवलेल्या मऊ गॉझने हलक्या हाताने एकाच दिशेने पुसा. नळाचे पाणी पिण्यायोग्य असेल तर ते या कामाला सलाइनइतकेच चालते. एवढ्याने जे कण निघणार नाहीत ते सुईने टोकरत बसू नये. डॉक्टर ती जागा बधिर करून निर्जंतुक ब्रशने व्यवस्थित साफ करतात. बधिर न करता असे घासणे फार वेदनादायक असते आणि त्यामुळे ते बहुधा अर्धवटच राहते.

धुताना हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा स्पिरिट वापरू नका. जखमेत फेस आला किंवा आग झाली म्हणजे ती स्वच्छ झाली असे अनेकांना वाटते, पण ही द्रव्ये जंतूंबरोबर नव्याने वाढू पाहणाऱ्या पेशींनाही मारतात. साबण लावायचा असेल तर तो जखमेच्या भोवतालच्या त्वचेला लावावा.

आता आपला मुख्य प्रश्न. जखम सुकवण्यापेक्षा ती स्वच्छ करून झाकणे आणि बेताची ओलसर ठेवणे निश्चितच चांगले. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या त्वचेवर उथळ जखमा करून त्यांपैकी काही उघड्या ठेवल्या आणि काही पॉलिथीनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या; झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. याचे कारण जखम भरते कशी यात आहे. सायकलवरून घसरून त्वचा सोलवटते तेव्हा सहसा वरचा थर निघून जातो, पण खालच्या थरातील केसांची मुळे आणि घर्मग्रंथी बऱ्याच ठिकाणी शाबूत राहतात. नव्या पेशी केवळ जखमेच्या कडांवरून येत नाहीत, तर या मुळांपासूनही निघून पसरत जातात. पृष्ठभाग ओलसर असेल तर त्या सहज सरकतात. तो सुकून कडक खपली झाली की त्यांना खपलीच्या खालून, सुकलेला थर आणि जिवंत थर यांच्यामधून वाट काढत जावे लागते आणि त्यात वेळ जातो. कोपर आणि गुडघा यांसारख्या वाकणाऱ्या जागी तर खपली प्रत्येक हालचालीला तडकते आणि जखम पुन्हा पुन्हा उघडते.

साध्या गॉझच्या बाबतीत आपल्याला जे दिसले ते नेहमीच घडते. लस गॉझच्या विणीत शिरून सुकते आणि पट्टी ओढली की कोवळी त्वचा तिच्याबरोबर निघून येते. चिकटलेली पट्टी कधीही कोरडी ओढू नका; दहा मिनिटे पाण्याने किंवा सलाइनने भिजवली की ती आपोआप सुटते. पहिल्या काही दिवसांत लस भरपूर येते, तेव्हा सिलिकॉनचा थर असलेली फोमची पट्टी उत्तम. ती न मिळाल्यास पॅराफिन लावलेले जाळीदार गॉझ, त्यावर लस शोषणारा पॅड आणि वरून सैलसर बँडेज, अशी रचनाही पुरेशी असते. लस कमी झाली की हायड्रोकोलॉइड पट्टी, म्हणजे लस शोषून जेलसारखी होणारी चिकट बंद पट्टी, लावता येते. ती जखमेच्या कडांपलीकडे दोन-तीन सेंटिमीटर निरोगी कोरड्या त्वचेवर येईल एवढी मोठी घ्यावी आणि कडेने गळू लागेपर्यंत राहू द्यावी. साधारण तीन ते पाच दिवसांनी ती बदलावी लागते आणि सात दिवसांहून अधिक काळ ठेवू नये. या पट्टीखाली पिवळसर, काहीसा वास येणारा दाट द्रव जमतो. तो पाहून पू झाला असे समजून लोक घाबरतात, पण लस आणि पट्टीतील द्रव्य मिसळून तो जेलसारखा होत असतो. जखम धुतल्यावर तो निघून गेला, खालची जागा स्वच्छ गुलाबी-लालसर दिसली आणि वेदना वाढत नसतील, तर काळजीचे कारण नाही. जखमेत संसर्ग असल्याची शंका असेल तर मात्र अशी बंद पट्टी लावू नये.

जुनी चाके

शुश्रूषाताईंचे विवेचन पटण्यासारखे आहे, तरी एक शंका मांडतो. आमच्या पिढीतील सायकलपटूंनी अशा जखमा नेहमी उघड्याच ठेवल्या, त्यांवर सुकवणारी पावडर टाकली आणि त्या बऱ्याही झाल्या. ओल धरली की जंतू वाढतात हे आपण सर्वत्र पाहतो. मग झाकलेल्या ओलसर जखमेत ते वाढत नाहीत, असे कसे म्हणता येईल?

शुश्रूषा

आपली शंका रास्त आहे. लहान, उथळ खरचटणे कसेही ठेवले तरी बरेच वेळा भरून येते, कारण शरीराची क्षमता मोठी आहे. प्रश्न मोठ्या आणि सतत लस येणाऱ्या जखमांचा आहे. बंद पट्टीखाली जंतू असतातच, पण जंतू असणे आणि संसर्ग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जखमेच्या लसीत शरीराच्या संरक्षक पेशी असतात आणि त्या ओलसर जागीच नीट काम करू शकतात; शिवाय पट्टीमुळे धूळ, घाम आणि बोटांचा स्पर्श बाहेरच राहतो. पावडर मात्र खरोखर टाळावी, कारण ती लसीत मिसळून कडक थर बनवते आणि त्याखाली काय चालले आहे ते दिसेनासे होते.

ओलसर म्हणजे भिजलेली नव्हे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. जखमेच्या भोवतालची त्वचा पांढरी, सुरकुतलेली आणि पिचपिचीत दिसू लागली तर ओलावा जास्त झाला आहे असे समजावे आणि अधिक शोषणारी पट्टी लावावी किंवा ती लवकर बदलावी. जिथे पट्टी टिकतच नाही अशा छोट्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिला तरी भागते. प्रतिजैविक मलमाची प्रत्येक वेळी गरज नसते. छोट्या शस्त्रक्रियांच्या स्वच्छ जखमांवर साधी पेट्रोलियम जेली आणि बॅसिट्रॅसिन या प्रतिजैविकाचे मलम यांची तुलना १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात करण्यात आली होती. संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही, उलट मलमाने काहींना ॲलर्जी झाली. रस्त्यावरची जखम त्या जखमांइतकी स्वच्छ नसते हे खरे आहे आणि म्हणूनच मी धुण्यावर एवढा भर देत आहे. निओमायसिन हे प्रतिजैविक असलेल्या मलमांनीही अनेकांच्या त्वचेवर खाज आणि पुरळ उठते व तोच संसर्ग समजला जातो.

खऱ्या संसर्गात वेदना दिवसेंदिवस कमी होण्याऐवजी पहिल्या ४८ तासांनंतर वाढत जातात, जखमेभोवतीची लाली आणि सूज पसरते, त्वचा गरम लागते, पू येतो किंवा ताप भरतो. जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असणाऱ्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी एवढी वाट पाहू नये. त्यांनी सुरुवातीलाच जखम दाखवून घ्यावी.

अस्थिसंधी

जखमांविषयी वर उत्तम माहिती आली आहे. मला चिंता वाटते ती आपण एका वाक्यात उल्लेखलेल्या मनगटाची. हात टेकून पडल्यावर मनगटातील स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडू शकते आणि तरीही मनगट हलते, सूज फारशी येत नाही. अंगठा ताणून वर केल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, त्यात दाबून दुखत असेल तर एक्स-रे काढणे आवश्यक आहे. पहिल्या एक्स-रेमध्ये हे मोडलेले हाड दिसत नाही असेही घडते. म्हणून शंका असल्यास मनगटाला आधार देऊन दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा त्याआधी एमआरआय करतात. या हाडाचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून आत येतो, त्यामुळे उपचार न झाल्यास मागचा तुकडा रक्ताविना निकामी होण्याचा धोका असतो. सोलवटलेली त्वचा डोळ्यांना दिसते आणि आग होत असल्याने सगळे लक्ष वेधून घेते. त्या गडबडीत हाडाचे दुखणे मागे पडते.

आपण डाव्या कुशीवर पडला आहात, म्हणून आणखी एक सांगतो. डाव्या बरगड्यांखाली पोटात दुखणे, काही इजा नसताना डाव्या खांद्यात कळ येणे, चक्कर किंवा घेरी येणे, यांपैकी काहीही जाणवल्यास तातडीने रुग्णालयात जावे, कारण तिथल्या प्लीहा या अवयवाला मार लागून आत रक्तस्राव झालेला असू शकतो आणि तो काही वेळा उशिरा लक्षात येतो. डोके आपटले नाही असे आपण म्हणता, तरीही वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी किंवा गोंधळल्यासारखे होणे याकडे दुर्लक्ष करू नका.

धनुर्वाताच्या लसीचे काय? माती गेलेल्या जखमेच्या बाबतीत शेवटचा डोस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर बूस्टर देतात. स्वच्छ किरकोळ जखमेसाठी ही मुदत दहा वर्षांची असते. आपली जखम पहिल्या प्रकारात मोडते. शेवटचा डोस केव्हा घेतला हे आठवत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

वळणवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखते आहे, त्यामुळे आजच एक्स-रे काढून घेतो, त्याच भेटीत कोपरातील कण काढण्याविषयी विचारतो आणि धनुर्वाताची लसही घेतो. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खुब्याच्या जखमेमुळे झोपताना त्रास होतो आणि अंगाखालची चादर चिकटते. आणि कोपर पूर्ण वाकवले तर नवी त्वचा फाटेल अशी भीती वाटते, तेव्हा हालचाल करावी की टाळावी?

शुश्रूषा

खुब्यावर चारही बाजूंनी चिकटणारी फोमची पट्टी लावा. तिच्या जाडीमुळे दाबही कमी जाणवतो आणि चादरीशी जखमेचा संबंध येत नाही. झोपताना उजव्या कुशीवर वळून गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी.

कोपर आणि गुडघा हलवलेच पाहिजेत. दुखते म्हणून सांधा सरळ धरून ठेवला तर तो आखडतो आणि त्वचाही ताठर अवस्थेत जुळते, म्हणून पट्टी बांधतानाच सांधा थोडा वाकवून बांधावी आणि दिवसातून अनेकदा सहन होईल तेवढा तो सावकाश वाकवावा. ओलसर ठेवलेली जखम या हालचालीला खपलीपेक्षा पुष्कळ चांगला प्रतिसाद देते. अंघोळीला हरकत नाही, परंतु जखम बंद होईपर्यंत पोहणे टाळावे. या काळात पुरेसे पाणी आणि प्रथिनयुक्त आहार घ्यावा, कारण मोठ्या जखमेच्या लसीतून शरीरातील पाणी आणि प्रथिने दोन्ही बाहेर पडत असतात. धूम्रपान करत असाल तर ते निदान एवढे दिवस तरी पूर्ण बंद ठेवावे, कारण त्यामुळे त्वचेचा रक्तपुरवठा घटतो.

सायकलचा निर्णय मनगटाचे निदान झाल्यावरच घ्या. मनगट निर्दोष निघाले तर दोन्ही हातांनी ब्रेक जोराने दाबता येणे, मान वळवून मागे पाहता येणे आणि गुडघा विनासायास फिरणे, या गोष्टी जमू लागल्यावर जखमा झाकून हलकी फेरी मारता येईल. पडताना हेल्मेट कुठेही आपटले असेल तर बाहेरून तडा दिसत नसला तरी ते बदलावे, कारण आतील फोम एकदा दाबला गेला की पुढच्या वेळी तितका आघात शोषू शकत नाही.

उथळ जखमा साधारण एक ते दोन आठवड्यांत बंद होतात. त्यानंतर खाज सुटते. खाजवण्याऐवजी दिवसातून दोन-तीन वेळा सुगंधरहित मॉइश्चरायझर लावावे. नवी त्वचा उन्हाने लवकर काळवंडते आणि सावळ्या वर्णावर ते डाग अनेक महिने टिकतात, त्यामुळे जखम पूर्ण जुळल्यानंतर सहा महिने ते वर्षभर ती जागा पूर्ण बाह्यांच्या कपड्यांनी झाकावी किंवा एसपीएफ ३० अथवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन लावावे. उघड्या जखमेवर मात्र सनस्क्रीन लावू नये. एखादी जागा तीन आठवडे उलटूनही बंद झाली नाही तर ती खोल आहे आणि तिथे जाड व्रण उठण्याची शक्यता वाढते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून जखम बंद झाल्यावर सिलिकॉन जेल किंवा सिलिकॉनची पट्टी वापरण्याविषयी त्यांचा सल्ला घ्यावा.